हलका नंदी

"अप्पा, नख लावू नका, खळगा पडतो," व्यंकट सुतार म्हणाला, तसा महादेवप्पांनी हात मागं घेतला.

समोर देवळातल्या सागवानी नंदीचा जुळा भाऊ उभा होता. तीच शिंगं, तेच वशिंड, तोच काळा रंग. फक्त वजनाच्या नावानं बोंब.

"लाकूड हाय का कापूस?"

"बाल्सा म्हणतेत याला. परदेशी हाय. लातूर नवा जिल्हा झाला न्हाई का, तिथं साहेब लोक नव्या कचेरीचा छोटा नमुना करायलेत. करवतबी लागत न्हाई, ब्लेडनं कापतेत. उरलेले तुकडे मागून आणले अन् सरसानं जोडले."

जत्रेत नंदी खांद्यावर घेऊन गावातून फिरायचा मान महादेवप्पांच्या घराण्याचा. मिसरूड फुटल्यापासून त्यांनी तो सोडला नव्हता. पण मागच्या साली देवळाच्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला आणि पंच म्हणाले, आता बसवराजला घेऊ द्या. बसवराज त्यांचा थोरला लेक, गुणाचा. तरीही मान सोडायचा म्हणजे महादेवप्पांच्या जिवावर आलं होतं. मग ही युक्ती त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी काढली. नवऱ्याचा हट्ट आणि गुडघा दोन्ही त्यांना तोंडपाठ होते. गुपित तिघांतच ठेवायचं ठरलं.

जत्रेचा दिवस आला. दुष्काळ होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, प्रसादाला नुसत्या ज्वारीच्या कण्या होत्या; पण गाव झाडून देवळापुढं आलं. हलगी वाजू लागली. महादेवप्पांनी खांद्यावर कापडाची घडी ठेवली, गुडघे वाकवले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं सगळा जोर लावून नंदी उचलला. तो खांद्यावर थांबलाच नाही. सरळ डोक्यावरून वर गेला आणि त्याच्या मागोमाग महादेवप्पा धपकन मातीत बसले. नंदी एका हातात तसाच उंच.

हलगी थांबली. कुणीतरी फिसकन हसलं. व्यंकटनं मान खाली घातली. महादेवप्पांचे कान तापले, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी हातातल्या नंदीकडं पाहिलं आणि त्यांनाच हसू फुटलं.

"आता लपवून काय करू? गुडघा गेला माझा," ते उठता उठता म्हणाले. "बसवराज, आतला सागवानी आण. आजपासून मान तुझा."

"अन् ह्यो?" एका पंचानं विचारलं.

महादेवप्पांनी तो शिवकांताबाईंच्या खांद्यावर ठेवला. "माझ्यासारखं इष्टलिंग हिच्याबी गळ्यात हाय. नंदी जड हाय म्हणून हिला कधी दिला न्हाई. आता ती सबब राहिली न्हाई."

"अव्हो, लोक काय म्हणतील?"

"मला पडताना बघितलं त्यांनी. आता अजून काय म्हणायचं ते म्हणू दे."

पंचांत कुजबुज झाली, पण 'नको' असं कुणी म्हणालं नाही. मिरवणूक निघाली. शिवकांताबाई हळूहळू, खरंच ओझं असल्यासारख्या जपून चालल्या.

महादेवप्पा लंगडत पुढं जाऊन आपल्या दारासमोर गर्दीत उभे राहिले. इतकी वर्षं नंदीखाली मान घालून चालल्यामुळं मिरवणूक दिसते कशी, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. पुढं लेक येत होता, मागं बायको. त्यांना फार बरं वाटलं.

नंदी घेणाऱ्याच्या पाया पडायची गावाची रीत. महादेवप्पा गुडघा धरून खाली वाकले. आधी लेकाच्या पायांना हात लावला, मग शिवकांताबाईंच्या. त्या क्षणभर थबकल्या, पण त्यांनी पाय मागं घेतले नाहीत.