जिवंतांच्या प्रार्थनेत

माझा दादा बिशप झाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत तो आता एवढा धर्मप्रांत सांभाळणार, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं. नवरा गेल्यावर मी त्याच्या निवासात राहायला आले, कारण तिथला स्वयंपाकी काम सोडून गेला होता. भीतीने गेला होता बिचारा.

भीतीला कारण दादाच. त्या दिवसांत माणसं उचलली जात होती. साध्या कपड्यांतले लोक गाडी घेऊन यायचे, कामावरून एखाद्याला न्यायचे, आणि चौकीवर विचारलं की पोलीस म्हणायचे, असा कोणी आम्ही पाहिलाच नाही. आमच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, दोन जागी नावं घेतात, एकदा जिवंतांसाठी आणि एकदा मृतांसाठी. दादा या नेलेल्या माणसांची नावं दर रविवारी जिवंतांच्या प्रार्थनेत घेऊ लागला. नुसतं नाव, बापाच्या नावासकट. पुढे टीका नाही, मागे भाषण नाही. पण सरकारला अर्थ बरोबर कळला: माणूस जिवंत आहे, तुमच्याकडे आहे, परत द्या. मंत्र्यांचा एक माणूस येऊन साखर पेरत म्हणाला, "मृतांच्या प्रार्थनेत घ्या की, बिशपसाहेब. देवाला काय, दोन्ही सारखंच."

"प्रेत दाखवा, लगेच घेतो," दादा म्हणाला.

तेव्हापासून आमच्याकडची वर्दळ आटली. पूर्वी जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या कमी पडायच्या. व्यापारी यायचे, कॉलेजचे प्राचार्य यायचे, ज्यांना दादाने हाताला धरून वर आणलं ते फादरही यायचे. आता त्यांना एकाएकी भारी कामं निघाली. त्या लांबलचक टेबलाच्या एका टोकाला आम्ही दोघं बसायचो, आणि मी उगाचच भांडी वाजवायचे, घरात काहीतरी आवाज हवा म्हणून.

न चुकता येणाऱ्या एकच, शिवणवाल्या बाई. चर्चचे झगे त्याच शिवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा वायरमन होता, सगळे त्याला तारवाला म्हणायचे. कारखान्यात शिडीवर चढून काम करत असताना त्याला खाली बोलावलं आणि नेलं. बाई आल्या की दादाला एकच विचारायच्या, "काही कळलं का?"

"नाही हो. कळलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन," दादा म्हणायचा. मग दोघं बसून चहा प्यायचे. मला वाटतं, दादाचा तेवढाच काय तो सोबतीचा वेळ होता.

एका दुपारी मी वेदीवरची फुलं बदलायला चर्चमध्ये गेले होते. पापनिवेदनाच्या लाकडी खोलीतून एक माणूस बाहेर आला. बारीक कापलेले केस, अंगात साधा सदरा, पण पायांत सरकारी बूट. ढसाढसा रडत होता. तो निघून गेला तरी दादा आतच बसून राहिला. माझी फुलं लावून झाली, जमीन पुसून झाली, तरी बाहेर येईना. आला तेव्हा माझ्याकडे न बघता पुढे गेला.

त्या रविवारी तारवाल्याच्या नावापाशी दादा अडखळला. बाकीची नावं घडाघडा घेतली आणि तिथे आवाजच फुटेना. मग कसंबसं घेतलं. मला तो सरकारी बूटवाला आठवला. पापनिवेदनाच्या खोलीत ऐकलेली गोष्ट फादरने गळ्यावर सुरी ठेवली तरी कोणाला सांगायची नसते. शब्दाने नाही आणि खुणेनेही नाही.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं, "दादा, तो पोरगा गेला ना?"

"मीठ दे जरा," तो म्हणाला.

वरून मीठ घेणाऱ्यांतला तो नव्हेच. घातलं, आणि घास न घेता उठून गेला. मला उत्तर मिळालं, पण त्याने ते दिलं असं कोणी म्हणू शकणार नाही. मी त्याच्यावर चिडले, त्या रडणाऱ्या बूटवाल्यावर चिडले. तो आपलं ओझं माझ्या भावाच्या डोक्यावर ठेवून हलका होऊन गेला, आणि याने ते उतरवायचं तरी कुठे!

दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या बाई आल्या. चहाला हात लावला नाही. नेहमीचा प्रश्नही विचारला नाही.

"काल माझ्या मुलाचं नाव गाळणार होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "बघितलं मी. इतरांची भराभर घेतलीत. धमकी आली का तुम्हाला? घाबरलात?"

मी तोंड उघडलंच होतं. दादाने माझ्याकडे फक्त पाहिलं. लहानपणी वडिलांपुढे मी काही बोलून बसू नये म्हणून बघायचा, तसं. मी तोंड मिटलं.

त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. मग बाईंनी विचारलं असतं, तर मग का अडखळलात?

"हो," दादा म्हणाला. "घाबरलो मी."

हे खोटंही नव्हतं. त्या एका नावाला तो खरंच घाबरला होता. पण बाईंनी जे ऐकायचं तेच ऐकलं. उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." जाताना दार त्यांनी हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

आठवडाभरात गावभर झालं, बिशप घाबरला. वर्तमानपत्रात छापून आलं. ज्या बायका त्याच्या भरवशावर चौकीच्या पायऱ्या चढायच्या, त्या रस्त्यात मला बघून मान फिरवू लागल्या. मंत्र्यांच्या माणसाने फळांची टोपली पाठवली. ती मी गेटवरूनच परत धाडली, चार शब्द ऐकवून. अंगावरच्या झग्याखेरीज दादाचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, तो कोणाला भीत नाही हे नाव. तेही त्याने त्या खोलीतल्या गुपितापायी देऊन टाकलं.

पुढच्या रविवारी चर्च अर्धंअधिक रिकामं होतं. शिवणवाल्या बाई मात्र आल्या होत्या, शेवटच्या बाकावर. जिवंतांची प्रार्थना आली. दादाने नावं घेतली, आणि तारवाल्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, न अडखळता.

"ऐकू आलं नाही," मागून बाईंचा आवाज आला. "मोठ्याने घ्या."

मिस्सेत असं कोणी मध्ये बोलत नाही. सगळे वळून बघू लागले. दादाने वेदीची कड दोन्ही हातांनी धरली आणि नाव पुन्हा घेतलं, मोठ्याने.

"अजून मोठ्याने. घाबरू नका."

तिसऱ्यांदा तो ओरडलाच. भिंतीवरून नाव परत आलं. बाई डोळे पुसत समाधानाने खाली बसल्या, आणि मी दादाकडे बघवत नव्हतं तरी बघत राहिले, कारण त्या अख्ख्या चर्चमध्ये दुसरं कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.