शिंपीकाकांचे दहा थेंब

शिंपीकाकांनी गुडघेदुखीसाठी मागवलेलं हेम्पचं तेल एकदाचं घरी आलं आणि त्यांना कोण आनंद झाला. हेम्प म्हणजे भांगेच्याच कुळातलं, एवढं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी जिभेखाली मोजून दहा थेंब सोडले आणि पाचव्या मिनिटाला त्यांचं विमान हवेत.

"अगं, भिंती बघ कशा डोलताहेत," म्हणत त्यांनी बायकोचा हात धरला. "आज सांगूनच टाकतो. दुकानाला नाव माझं, पण ते चाललं तुझ्या डोक्यावर. कापडावर आखायचीस तू, मी नुसती कात्री चालवायचो."

चाळीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते ऐकून बायको घाबरली. तिनं औषधाचं दुकान चालवणाऱ्या धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. बहीण धावतपळत आली, बाटलीवरचं लेबल वाचलं आणि खो खो हसत सुटली.

"भावोजी, हे बियांचं तेल आहे. दुखण्यावर घेतात ते सीबीडी असतं फुलापानांत, बियांत जवळजवळ नसतंच. शिवाय सीबीडीनं नशा होत नाही, चढते ती भांगेतल्या टीएचसीनं, आणि तेही यात नसल्यासारखंच. हे तेल काकडीवर घालून खायचं."

काकांचं विमान धाडकन जमिनीवर आलं. मान खाली घालून ते उगाच टेप गुंडाळू लागले.

"म्हणजे मघाशी तुम्ही पूर्ण शुद्धीवर होतात," बायको हळूच म्हणाली. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. "रोज सकाळी दहा थेंब. चुकवायचे नाहीत."