दादाच्या हातासाठी सुरी

दादाला मी जन्मभर छळलंय. चहात मीठ घाल, खुर्चीवर बसताना खुर्ची ओढ, चपला खिळ्यांनी जमिनीला ठोकून ठेव, सगळं करून झालं. एकदा तर आरोग्य खात्याचा साहेब बनून त्याच्या कॅन्टीनला फोन केला आणि त्याला दोन तास पातेली घासायला लावली. तो हॉस्पिटलातून घरी आला, वहिनीनं पुढ्यात चहा ठेवला, तेव्हा मी सवयीनं खिशातली पकड काढली आणि टेबलाखालून त्याच्या उजव्या हाताला चिमटा काढला.

दादा चहा पीत राहिला.

मी जरा जोरात दाबलं.

"बिस्कीट दे रे," दादा म्हणाला.

वहिनीनं बघितलं होतं. मी पकड खिशात घातली आणि बिस्कीट दिलं. हातावर लाल वळ उठला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. मी पण दोन बिस्किटं खाल्ली.

अर्धांगाचा झटका लहान होता असं डॉक्टर म्हणाले. पाय वाचला, बोलणं वाचलं, तोंडाची एक बाजू जरा उशिरा हसते एवढंच. उजवा हात मात्र खांद्यापासून हलतो, कोपरातून वाकतो, पण पंजाला काही कळत नाही. बोटं मिटतात, म्हणजे आपण मिटली तर मिटतात.

आणि दादा आचारी. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं मोठ्या शेगडीपुढे उभा. हाताखाली तीन बायका, पण कांदा, बटाटा, कोबी सगळं स्वतः चिरणार. "चिरण्यात चव असते" हे त्यानं आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की मी त्याच्या पाठीमागे ओठ हलवून म्हणून दाखवायचो.

कॅन्टीनचा मॅनेजर घरी भेटायला आला. माणूस वाईट नाही. टोपी हातात घेऊन बसला. म्हणाला, "मास्तर, वरून विचारतायत. पुढच्या शनिवारी सकाळी या. माझ्यासमोर दहा किलो कांदा चिरून दाखवा, अर्ध्या तासात. झालं तर जागा तुमची, मी वर लिहून देतो. नाही झालं तर कुपनं घ्यायला दारात बसा."

"दारात?" दादा म्हणाला.

"खुर्ची देऊ."

"खुर्ची देणार म्हणे," मॅनेजर गेल्यावर दादा मला म्हणाला. "मी काय राखण करायला बसू? लोकं जेवून ढेकर देत बाहेर येणार, आणि मी बघत बसणार दुसऱ्यानं काय शिजवलं ते?"

"ढेकर वासावरून ओळख ना," मी म्हटलं. "नवीन धंदा."

तो हसला. अर्धा आधी, अर्धा मागून.

कॅन्टीनच्या सुऱ्यांची मूठ बारीक, गोल, प्लास्टिकची. दादाच्या हातातून ती ओल्या साबणासारखी सुटायची. मी म्हटलं, "मी करतो तुला सुरी. तुझ्या मापाची. टेलर शर्ट शिवतो तशी."

"तू? तू चाव्या कर."

माझा धंदा चाव्यांचाच. चौकात टपरी, कुलपं उघडून देतो, चाव्या घासून देतो. राहायला दादाकडेच, मागच्या खोलीत. लग्न जमलं नाही. दोन मुली बघायला गेलो आणि दोघींच्या ताटात रबरी पाल ठेवली. असो. घासायची सवय हाताला आहे एवढं खरं.

टपरीत एक जुनी मोठी कानस पडली होती, दात गेलेली. कानशीचं पोलाद चांगलं, पण काचेसारखं कडक. आधी मऊ पाडावं लागतं. मागच्या अंगणात कोळशाची शेगडी पेटवली, कानस लालभडक केली आणि राखेच्या डब्यात पुरून ठेवली. दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा ती माझं ऐकायला लागली होती. मग वाईसच्या जबड्यात आवळून हॅकसॉनं आकार कापला, दुसऱ्या कानशीनं घासत बसलो. एक कानस दुसऱ्या कानशीला घासते. तीन दिवस तेच. खर्र, खर्र. वहिनी आतून म्हणायची, "भावजी, दात शिवशिवतात माझे." मी म्हणायचो, "मग काढून ठेवा डब्यात." खरं सांगायचं तर तो आवाज मला बरा वाटत होता. त्यात दुसरं काही ऐकू यायचं नाही.

पात्याच्या मागे एक शेपूट ठेवलं, मूठ बसवायला. त्यात दोन भोकं पाडली. मग पाणी पाजलं. म्हणजे पातं पुन्हा लाल केलं, लोहचुंबक चिकटेना झाल्यावर तेलात बुडवलं. फक्त धारेची बाजू, शेपूट बाहेरच. धूर असा झाला की शेजारीण विचारत आली काय जळलं म्हणून. मी म्हटलं, तुमची सासू. मग तव्यावर वाळू तापवून पातं त्यात ठेवलं, वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत. तेवढं झालं की पोलादाचा राग उतरतो, धार टिकते आणि पातं तुटत नाही.

आता मूठ. माप घ्यायचं होतं. खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती लांबी आणली, शेपटाभोवती जाड थापली आणि दादाच्या उजव्या हातात दिली. तो टीव्हीपुढे बसला होता.

"दाब," मी म्हटलं. "जेवढं जमेल तेवढं. मी पुसायला फडकं आणतो."

फडकं शोधायला मला वेळ लागला. परत आलो तर दादा चेहरा उजळून बसलेला. "बघ," तो म्हणाला. वहिनी त्याच्या बाजूला उभी, पदराला हात पुसत.

लांबीवर चार बोटांचे खोल खड्डे. असे खोल की मी शिट्टी मारली. "अरे हा काय हात आहे की दाराची फट! उगाच सुट्टी खातोयस घरी."

"हळूहळू येतंय," दादा म्हणाला. "मला कळत नाही, पण येतंय."

मी मोडक्या खुर्चीचा पाय चिरला. त्याच्या दोन फाकी केल्या, लांबीतले खड्डे बघत बघत लाकडात उतरवले. फाकी शेपटाच्या दोन बाजूंना गमानं चिकटवल्या, पितळी तारेचे रिवेट ठोकले, पॉलिश पेपर मारला, जवसाचं तेल चोळलं. गुरुवारी दुपारी सुरी तयार. दिसायला अशी की विकत घेतली म्हणून सांगावं. दादानं हातात घेतली, टेबलावर बटाटा ठेवला, दाबलं, आणि सुरी सुटून पायाशी पडली. पुन्हा दिली. पुन्हा पडली. बोटं बरोबर खड्ड्यांत बसत होती आणि तिथेच नुसती पडून राहत होती, बाकावर बसलेली माणसं असावीत तशी.

"दमलाय हात," दादा म्हणाला. "सकाळी बघू." आणि झोपायला गेला. दुपारचे तीन वाजले होते.

मी लांबीचा तो गोळा परत काढला. तो सुकून दगड झाला होता. दिव्याखाली फिरवला. करंगळीच्या बाजूला, जिथे लांबी बाहेर फुगली होती, तिथे दोन लहान बोटांची टोकं उमटली होती. नखांसकट. आणि दादा नखं मुळापासून कापतो, सव्वीस वर्षं.

वहिनी गच्चीवर कपडे काढत होती. मी गोळा तिच्यासमोर धरला.

"वहिनी, दाबलंत ना तुम्ही?"

तिनं चादरीची घडी घातली. एक घडी, दुसरी घडी.

"मी नुसता हात ठेवला वरून," ती म्हणाली. "हे टीव्ही बघत होते. मी दाबलं, आणि ह्यांनी खाली बघितलं, आणि म्हणाले, बघ, दाबली मी. असं तोंड झालं होतं ना भावजी. मग मी कशी सांगू?"

"कळलं नाही त्याला?"

"हाताला कळत असतं तर हे सगळं कशाला झालं असतं?" तिनं चिमटे डब्यात टाकले. "सकाळी शर्टाची बटणं मी लावते. ते म्हणतात मी लावली. मी पण म्हणते, हो, तुम्हीच."

मला हसू आलं. खरंच. चाळीस वर्षं मी त्या माणसाला बनवतोय, आणि माझ्याहून मोठी गंमत वहिनीनं तीन आठवड्यांत करून ठेवली. हसलो आणि मग तिथेच टाकीवर बसलो. आत काही हललं नाही. एखाद्या दातात औषध भरल्यावर जीभ लावून बघतो ना, तसं मी आत बघत होतो. काही नाही.

"आता?" वहिनी म्हणाली.

"आता शुक्रवार आहे मधे."

मुठीनं पकडायची सुरी त्याला जमणार नाही हे उघड होतं. पण खांदा चांगला होता, कोपर चांगलं होतं. वरून तळव्यानं रेटायची सुरी केली तर? करवतीला असते तशी मूठ, पात्याच्या वर उभी. हात नुसता ठेवायचा आणि वजन टाकायचं. शेपूट मऊ होतं, वाकलं असतं. पण पात्याचं पाणी उतरू नये म्हणून काय करायचं? आधीच्या फाकी उपटून काढल्या, एक मोठा बटाटा घेतला, पातं त्यात खुपसलं, वर ओलं फडकं गुंडाळलं, आणि शेपटावर गॅसची ज्योत धरली. बटाटा चरचरत होता. वाईसमध्ये धरून शेपूट वर वाकवलं. जमलं.

आता माप परत घ्यायला हवं होतं, आणि ह्या वेळी खरं. शुक्रवारी सकाळी मी लांबी घेऊन दादासमोर बसलो.

"दादा, एक सांगायचंय. परवाची लांबी मी दाबली होती. गंमत केली तुझी."

दादानं माझ्याकडे बघितलं.

"तू फडकं शोधत होतास," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती, ती थांबली.

दादा बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसला. बसमध्ये शेजारी कुणीतरी अनोळखी बसलेलं असावं तसा. मग म्हणाला, "आण. कुठे ठेवायचा?"

मी हात लांबीवर ठेवला. तो म्हणाला, "कुणी हात लावू नका." त्यानं खांद्यातून जोर टाकला. कपाळावर शीर आली. हात उचलला तेव्हा लांबीवर तळव्याचा एक पसरट, उथळ ठसा होता, आणि बोटांच्या जागी जवळजवळ काहीच नाही.

"हे खरं?" दादानं विचारलं.

"हे खरं."

"मग ह्याच्यावर कर."

भांडी पुन्हा वाजायला लागली.

त्या ठशावरून दिवसभरात नवी मूठ कोरून शेपटावर चिकटवली. गम वाळायला रात्र गेली. शनिवारी सकाळी कडा मारायला पाऊण तास मिळाला. पेपर फिरवला, अंगठ्यानं चाचपून बघितलं, गुळगुळीत वाटली. माझा अंगठा. पंचवीस वर्षं लोखंड घासून घासून ज्याची कातडी चपलेच्या तळासारखी झालीय तो अंगठा. त्याला गुळगुळीत वाटली.

कॅन्टीनमध्ये मॅनेजरनं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. तिन्ही बायका भिंतीला लागून उभ्या. त्यातली थोरली म्हणाली, "मास्तर, आज आम्ही बघणार, तुम्ही करायचं." दादा म्हणाला, "रोज तेच असतं." सगळ्या हसल्या.

आणि त्यानं सुरू केलं. डाव्या हातानं कांदा धरायचा, उजवा तळवा मुठीवर ठेवायचा, खांद्यातून रेटायचं. पहिले दोन कांदे वेडेवाकडे. मग लय सापडली. खच्, खच्, खच्. पातं कांद्यातून लोण्यासारखं जात होतं. मॅनेजर पुढे वाकून बघायला लागला. "मास्तर, ही सुरी कुठली?" "ह्या माकडानं केली," दादा म्हणाला, मान न वळवता. बारा मिनिटं झाली, चार किलो झाला. वीस मिनिटं, सात. मॅनेजरनं मला कोपर मारलं आणि डोळा मिचकावला. मी पण मिचकावला.

"मास्तर," थोरली म्हणाली. "मास्तर, थांबा."

"का?"

"कांदा बघा."

परातीतला वरचा कांदा गुलाबी झाला होता. मग त्याच्या खालचा. दादानं हात उचलला. मुठीच्या मागच्या कडेवर जिथे तळव्याची टाच बसत होती, तिथली कातडी पार सोलून निघाली होती. रक्त मनगटावरून खाली ओघळत होतं आणि तो वीस मिनिटं चिरत होता.

मॅनेजरनं नळ सोडला आणि दादाचा हात स्वतः पाण्याखाली धरला. दादा बाजूला उभा राहून बघत होता, दुसऱ्याचा हात धुतायत तसा.

"कड माझी चुकली," मी म्हटलं. "कड घासतो. दहा मिनिटं द्या. वर कापड गुंडाळू."

मॅनेजर दादाकडे बघत होता. त्याला नाही म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं.

"नको," दादा म्हणाला. "आज हे झालं. उद्या हात शेगडीवर ठेवीन आणि वास आल्यावर कळेल. दोनशे माणसांचं जेवण असतं." मग मॅनेजरला म्हणाला, "कांदा फेकून द्या सगळा. खालचा पण."

"मास्तर, दारात खुर्ची..."

"ते सोमवारी बोलू. आधी मला ह्यांना जरा सांगू द्या."

त्यानं पट्टी बांधून घेतली आणि तिन्ही बायकांना शेगडीजवळ बोलावलं. मी परात उचलून मागे कचऱ्याच्या पिंपात ओतली, मग पायरीवर बसून सुरी पुसायला लागलो. असलं पोलाद ओलं राहिलं की तासाभरात गंजतं, आणि कांद्यानं तर काळं पडतं. आतून दादाचा आवाज येत होता. डावा बर्नर आधी लावायचा, उजवा भडकतो. मोठ्या पातेल्याचं झाकण डावीकडे फिरवून निघतं, उपटायचं नाही. फोडणीला घाई करायची नाही. एक बाई मधेच काहीतरी विचारत होती, तो परत सांगत होता.

मी पातं पुसलं, मुठीवरचं पुसलं. लाकडात शिरलेलं निघालं नाही. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होता, तो काढला आणि ती कड घासत बसलो.