जिन्याखालचा गारवा

"डोकं सांभाळा, वळण आलं!"

खुर्चीचे पाय बायकोनं धरले होते, पाठ खालच्या किराणावाल्यानं. अर्धं अंग लुळं पडलेला म्हातारा कंडक्टर मध्ये अवघडून बसला होता. चौथ्या मजल्यावरून जिन्याखाली पोहोचेपर्यंत तिघंही घामानं निथळली.

वर स्लॅबचा नुसता तवा झाला होता. तिनं करायचं ते सगळं केलं. उजाडताच खिडक्या लावून घेतल्या, ओल्या चादरी टांगल्या, गच्चीत पोती भिजवून पसरली. पण स्लॅब गळतो म्हणत मालकानं गच्चीलाच कुलूप घातलं आणि तिनं हात टेकले. अख्ख्या इमारतीत गारवा उरला होता तो या विजेच्या मीटरांखालच्या कोपऱ्यात.

"शर्ट घाल मला," कंडक्टर म्हणाला. "चारचौघांत बनियनवर बसवतेस होय?"

शर्ट चढवल्यावर तो खुलला. अंग चोरून जाणाऱ्यांना म्हणायचा, "चला, पुढे सरका! पुढे जागा आहे!" लोक हसायचे. पुढे पुढे हसेनासे झाले.

एके सकाळी पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. "वहिनी, राग मानू नका. येणाऱ्याजाणाऱ्यांना बरं दिसत नाही हो. वासही येतो."

बाजूला म्हणजे कुठं, हातभर अंतरावर. त्यानं सगळं ऐकलं.

"वर ने मला."

"अहो, वर भट्टी पेटलीय."

"पेटू दे. भट्टी का असेना, आपली आहे."

तिनं विनवलं, चिडली, शेवटी रडली. तो भिंतीकडे तोंड फिरवून बसला. किराणावाल्यानं पुन्हा खुर्चीची पाठ धरली, तिनं पाय.

दुपारी तिनं त्याच्या अंगावर ओली चादर टाकली. पंखा गरम हवाच ढवळत होता. चादर वाळायची, ती पुन्हा भिजवायची. नळाचं पाणीही हाताला चटके देत होतं. मग त्याचा घाम थांबला. तिला वाटलं, उतार पडला. पण हाक मारली तर तो भलतंच काही बरळला. ती तशीच धावत खाली गेली, किराणावाल्याला डॉक्टरकडे पिटाळलं आणि धापा टाकत वर आली. तोवर त्याचे डोळे छताला लागले होते.

दारावर टकटक झाली. पहिल्या मजल्यावरच्या बाई होत्या.

"फ्रीजमधला होता नव्हता तेवढा बर्फ आणलाय. कपाळाला लावा त्यांच्या."

"आता नाही लागायचा, ताई," ती म्हणाली आणि त्याच्या अंगावरची चादर नीट करू लागली.

बाई भांडं घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. डॉक्टर जिने चढून येईपर्यंत त्यांच्या हातात नुसतं पाणी उरलं होतं.