एबल पेलची शपथ

गेल्या हिवाळ्यात जोसाया पेलच्या थडग्याचा दगड पुढून सोलून निघाला. दगडात मुरलेलं पाणी गोठलं आणि दीडशे वर्षं टिकलेली अक्षरं पापुद्रे होऊन गवतात पडली. जोसाया हा आमच्या घराण्याचा मूळ पुरुष. आमच्या हॅगथॉर्प गावात चाकं आणि गाड्या बनवायचा कारखाना त्याने काढला. आज त्याच जागेत माझा भाऊ क्लेम ट्रॅक्टर दुरुस्त करतो. म्हणजे करतो त्याचा मुलगा, क्लेम शेजारी उभा राहून चुका काढतो.

नवा दगड बसवायचं ठरलं तेव्हा क्लेमने आम्हा सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं आणि पुडिंग संपल्यावर चष्मा लावून मजकूर वाचून दाखवला. 'जोसाया पेल, चाकमिस्त्री. डेकोम्ब हॉलचे सर एडमंड डेकोम्ब यांचे पुत्र.' वाचून झाल्यावर तो असा बसला की जणू सर एडमंडने मरताना त्याच्याच हातात हवेलीच्या किल्ल्या दिल्या होत्या.

ही कहाणी आमच्या घरात पूर्वीपासून आहे. जोसायाची आई टॅमर डेकोम्बांच्या हवेलीत दूधदुभत्याचं काम करायची. शेजारच्या वेनबी गावातल्या एबल पेल नावाच्या मजुराशी तिचं लग्न झालं आणि तीन आठवड्यांत पोर जन्मलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत पाद्रीने फक्त आईचं नाव लिहिलं, बापाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेत क्लेमने सर एडमंडला आणून बसवलं होतं. त्याच्या हातात हुकमाचं पानही होतं. गरिबांची लग्नं तेव्हा तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारून होत. टॅमरचं मात्र खास परवाना काढून झालं होतं, आणि परवाना म्हणजे पैसेवाल्यांचं काम. शिवाय साक्षीदार म्हणून दोन गृहस्थांच्या झोकदार सह्या होत्या. मजुराच्या लग्नाला असले पाहुणे कोण धाडणार, हवेलीशिवाय?

मी विचारलं, परवान्याचे पैसे हवेलीने दिले असं कुठे लिहिलंय का. तो म्हणाला, अशा गोष्टी लिहीत नसतात, समजून घ्यायच्या असतात. मी म्हटलं, मग मी सही करणार नाही. चर्चच्या आवारात दगड बसवायला बिशपच्या कचेरीची परवानगी लागते आणि अर्जावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या सह्या लागतात.

"तू कशाला एवढी तापतेस, ग्वेन?" क्लेम म्हणाला. "तुझा काय संबंध? तू काय पेलांच्या रक्ताची आहेस?"

 त्याची बायको रोझलिंड उगाचच कस्टर्डचं भांडं घेऊन आत गेली. मला आई-बाबांनी दोन वर्षांची असताना ग्रिम्सबीच्या अनाथालयातून आणलं, हे काही गुपित नाही. लहानपणी सायकलवरून, मटणाच्या मोठ्या तुकड्यावरून भांडण झालं की क्लेम हेच काढायचा. पण आता मी सहासष्ट वर्षांची आहे आणि तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. या वयात तो हे पुन्हा काढेल असं मला वाटलं नव्हतं. फार लागलं मला ते. मी शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलाय, कोणासमोर डोळ्यांत पाणी आणायची सवय नाही. मी उठले आणि त्याला सांगितलं, "सही हवी ना? मग मी शोधून येते. तोवर दगडाला छिन्नी लावायची नाही."

लिंकनला जिल्ह्याच्या जुन्या कागदांची कचेरी आहे. तिथे पिशवी बाहेर ठेवायची, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मी दर मंगळवारी बसने जायला लागले. पहिले काही मंगळवार नुसतं अक्षर लावण्यात गेले. कोंबडीने पाय ओढल्यासारखं ते अक्षर, त्यात हिशेब लिहिणारे गावचे कारभारी शुद्धलेखनाला जुमानणारे नव्हते. काउंटरवरची प्रिया नावाची मुलगी मला गठ्ठे आणून द्यायची आणि दर वेळी विचारायची, आजही एबलच का? मी म्हणायचे, तो सापडेपर्यंत एबलच.

परवान्याचा खर्च सापडला तो हॅगथॉर्पच्या गरीबखर्चाच्या, म्हणजे गावाने गोरगरिबांवर केलेल्या खर्चाच्या हिशेबात. परवाना, अंगठी, लग्नाचं जेवण, बिअर, एबलच्या हातावर ठेवलेले पैसे, सगळ्याचा खर्च गावाने केला होता. खाली आणखी दोन ओळी होत्या, 'नवरा शोधून आणणाऱ्याला' आणि 'रात्रभर एबल पेलवर पहारा ठेवणाऱ्या दोघांना.' हवेलीचा पैसाच नव्हता. पण गावाला एका दूधवालीच्या लग्नाचा एवढा पुळका का यावा, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

ते उलगडलं आमच्या जिल पाद्रीबाईंमुळे. चर्चमधली फुलं बदलताना मी त्यांना सहज विचारलं की नावं पुकारणं फुकट असताना गावाने पैसे मोजून परवाना का काढला असेल. त्या म्हणाल्या, "नावं दोन्ही गावांत पुकारावी लागतात, ग्वेन. मुलाच्या गावातही. मी पुकारते ना नेहमी, आक्षेप असेल त्याने सांगावं म्हणून."

मी हातातली फुलं तशीच खाली ठेवली. त्या काळी गरिबाला पोसणं ही ज्याच्या त्याच्या गावाची जबाबदारी. लग्न झालं की बाई नवऱ्याच्या गावची, आणि लग्नानंतर जन्मलेलं पोरही त्याच गावचं. हॅगथॉर्पला टॅमर आणि तिचं मूल दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं होतं. वेनबीच्या चर्चमध्ये नावं पुकारली असती तर वेनबीकर काठ्या घेऊन धावून आले असते. म्हणून परवाना, गुपचूप आणि झटपट. ते झोकदार सह्यांचे गृहस्थ म्हणजे आमच्याच चर्चचे दोन कारभारी. नवरदेव पळून जाऊ नये म्हणून हातात दांडके घेऊन वेदीपाशी उभे.

हे सगळं मी क्लेमला सांगितलं तेव्हा मला थोडी मजा वाटत होती, कबूल करते. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. कारखान्यावर 'पेल आणि मुलगा' अशी पाटी आहे आणि ती तो दर उन्हाळ्यात स्वतः रंगवतो. तो खिडकीतून त्या पाटीकडेच बघत होता.

"म्हणजे आपण डेकोम्बही नाही आणि पेलही नाही," तो म्हणाला. "भाड्याने आणलेल्या माणसाचं नाव लावतोय."

मी म्हटलं, खरा बाप सर एडमंड असेल, नाहीतर गवळी असेल, तो कुठल्याच कागदात नाही आणि सापडणारही नाही. क्लेम म्हणाला, मग पुरे झालं. दगडावर नुसतं नाव आणि साल घालू, बापाचा उल्लेखच नको. आता तरी सही कर.

मी नाही म्हणाले. तो वैतागला. आता काय राहिलंय, असं त्याने विचारलं. मला माहीत होतं काय राहिलंय. पैसे घेऊन झालेल्या त्या बापाने पुढे काय केलं, ते राहिलं होतं. बिअर पिऊन, पैसे खिशात घालून एबल दुसऱ्या दिवशी पसार झाला असेल, तर क्लेम लहानपणापासून मला जे ऐकवत आला ते खरं होतं. मग नाव म्हणजे नुसतं नाव, आणि रक्ताचं नसेल तर माणूस कोणाचाच नाही. त्या मंगळवारी बसमध्ये परत फिरावं असं वाटलं. पण लिंकनचा स्टॉप आला आणि मी उतरले.

वेनबीचे कागद कोणी लावून ठेवलेले नव्हते. फीत बांधलेले जुडगे, प्रत्येकात कोणाच्या तरी दारिद्र्याची चौकशी. पाव द्यावा की नाही, सरपण द्यावं की नाही. शरद ऋतू संपला, बसमध्ये हीटर लागायला लागला. क्लेमचे दोन निरोप आले, दगडवाला बार्नेट घाई करतोय म्हणून. मी उलटा निरोप पाठवला की बार्नेटने दुसऱ्या कोणाचा दगड करावा, माणसं मरतच असतात.

आणि मग एका जुडग्यात एबल सापडला. लग्नाला चार वर्षं झाली होती. गाडीखाली पाय सापडून तो लंगडा झाला होता आणि गावाकडे मदत मागत होता. म्हणजे तो पळाला नव्हता. मी तो कागद तिथे वाचून पूर्ण केलाच नाही. प्रियाला म्हटलं, हा बाजूला ठेव, पुढच्या मंगळवारी मी भावाला घेऊन येते. चांगलं असो की वाईट, त्याच्यासमोरच वाचायचं होतं मला.

क्लेम आला तो कुरकुरतच. पार्किंग महाग, खुर्ची कडक, चहा आत आणू देत नाहीत. मी त्याला हात धुवायला लावले आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. "वाच," म्हटलं. "मोठ्याने, पण हळू. इथे लोक अभ्यास करतात."

तो अडखळत वाचू लागला. दोन मॅजिस्ट्रेट, समोर वेनबीचे कारभारी आणि शपथेवर एबल पेल, मजूर. कारभाऱ्यांना चार वर्षांपूर्वीचा डाव कळलेला होता. त्यांनी एबलला विचारलं होतं की हॅगथॉर्पवाल्यांनी लग्नासाठी पैसे दिले का. एबल हो म्हणाला होता. परवाना त्यांनी काढला, जेवण त्यांनी घातलं, सगळं कबूल. मग विचारलं होतं की त्या दिवसाच्या आधी टॅमरला कधी पाहिलं होतं का.

"हे कशासाठी विचारतायत?" क्लेम म्हणाला.

"तो नाही म्हणाला की संपलं. मूल त्याचं नाही हे ठरलं, की जोसायाला आईपासून काढून हॅगथॉर्पच्या अनाथांच्या कोठडीत टाकता येईल. वेनबीला पोसायचं एक पोट कमी. वाच पुढे."

पुढची ओळ त्याने आधी मनातल्या मनात वाचली, हे मला त्याच्या ओठांवरून दिसलं. मग तो थांबला. 

"'जत्रेत भेटलो होतो,'" क्लेमने वाचलं. "'आणि जोसाया हा मुलगा माझा आहे.'" खाली सहीच्या जागी फुली होती, एक रेघ दुसरीपेक्षा लांब. त्या कागदाला टाचून मदतीच्या नोंदी होत्या. एबल आणि त्याच्या बायकोला पाव, आणि पहिल्या थंडीत 'पेलच्या मुलाला बूट'.

क्लेमने चष्मा काढला. "खोटं बोलला," तो म्हणाला.

"हो. बायबलवर हात ठेवून."

"पैसे घेतल्याचं खरं सांगितलं, आणि नेमकं हेच खोटं."

  क्लेम त्या फुलीकडे बघत होता. मग तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"तुला घ्यायला गेलो तेव्हा मी होतो ग्रिम्सबीच्या कोर्टात. तुला आठवत नसणार, तू बिस्किट चघळत होतीस. जजसाहेबाने बाबांना विचारलं, विचार केलाय ना, पुढे स्वतःची आणखी मुलं झाली तर हिला परत आणता येणार नाही. बाबा असे चिडले की विचारू नकोस. म्हणाले, साहेब, मी माझी मुलगी न्यायला आलोय, गाय नाही. मला वाटलं आता बाबांनाच कोंडतात."

"हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं," क्लेम म्हणाला. "तोवर त्या घरात मी एकटाच होतो, ग्वेन."

त्याने माझ्यापुढची पेन्सिल घेतली आणि खिशातल्या दगडवाल्याच्या पावतीच्या पाठीवर सावकाश लिहिलं. 'जोसाया पेल, चाकमिस्त्री. वेनबीचे एबल पेल यांचा मुलगा.' मग तो कागद माझ्याकडे सरकवला.

"नीट तपासून घे, मिस पेल," तो म्हणाला. "घराण्याचं काम आहे."

मला एक अक्षर दिसेना. प्रिया लगबगीने आली आणि तिने एबलची शपथ माझ्यासमोरून उचलून टेबलाच्या कोरड्या टोकाला नेऊन ठेवली.