डाव्या कानाशी

स्टीलच्या ताटलीत कापसाचा बोळा पडला होता, करंगळीच्या पेराएवढा, आणि तो आपल्या कानातून निघाला याचं अलकाला काहीच वाटत नव्हतं. सातव्या वर्षापासून वाहणारा डावा कान. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी कानामागून कापून त्यात नवा पडदा बसवला होता. आता त्यांनी त्याच कानाशी बोटं चोळली… ऐकू आली. "कान उघडला," ते म्हणाले, "पण बाहेरची कातडी अजून काही महिने बधिर राहील." बधिर. इतकी वर्षं कानाला होता तो शब्द, आता कातडीला लागला.

आपल्या वस्तीत, लोधीपुऱ्यात, रिक्षातून उतरली तर हॉर्न, केळीवाल्याची हाक, आपल्याच बांगड्या, सगळं डावीकडेही होतं. आनंद व्हायला हवा होता. होईल सवडीनं.

घरून डबा घेऊन ती पॉवरलूमच्या कारखान्यात गेली. बावीस वर्षं रोज दुपारी हेच — मागांच्या खडखडाटात तिचा नवरा पंडित कानाशी वाकून काहीतरी बोलायचा, आणि नेमका डाव्याच, कारण त्याच्या मागाशी उभं राहिलं की तोच कान त्याच्याकडे यायचा. नवीन लग्नात 'तो कान नाही' म्हणायचं राहून गेलं, मग लाजच वाटायला लागली. शब्द कळत नसत, श्वास मात्र लागायचा, गरम, तंबाखूचा… मी हं म्हणायचे, तिला आठवलं. हे काय बोलत असतील ते मीच ठरवायचे, आणि खरं सांगते, फार छान ठरवायचे. आज कळणार होतं. त्याचीच भीती वाटत होती.

तो वाकला.

"आज भेंडी का?"

तिनं सवयीनं मान हलवली. मग लक्षात आलं, डब्यात गिलक्यांची भाजी होती.

पंडितनं झाकण काढलं, गिलकी पाहिली आणि जेवायला लागला. जरासुद्धा चकित झाला नाही. म्हणजे आपलं हं नुसतंच असतं हे त्याला ठाऊक होतं… किती वर्षं? मग रोज वाकत कशाला होता हा माणूस?

घास गिळून त्यानं तिच्या कानाकडे बोट केलं, भुवया उचलल्या — येतंय का ऐकू?

अलकानं नाही म्हणून मान हलवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तो पुन्हा वाकला, डाव्याच कानाशी.

"कोई बात नही. मी बोलत राहीन ना."

शब्द स्वच्छ ऐकू आले, त्यांच्यामागचा श्वासही ऐकू आला. कातडीला मात्र काहीच लागलं नाही. तिनं हं म्हटलं.