रानहंसांनी आणलेलं फूल

त्या पानाच्या डाव्या कडेला एक भोक होतं. मुगाच्या दाण्याएवढं, जरासं लांबट, आणि त्याच्या वरच्या अंगाला किडीनं कुरतडायला सुरुवात करून मध्येच सोडून दिलेली एक खाच... छापताना शाई थोडी पसरली होती, तरी खाच चुकलेली नव्हती. शाळेच्या वाचनालयात शरणप्पा उभ्याउभ्याच ते भोक पाहत राहिला. पुण्याच्या मासिकाचा पौषाचा अंक त्याच सकाळच्या टपालानं आला होता. वरची कागदी पट्टी त्यानंच फोडली होती.

हे भोक मी पाहिलं आहे — पाहिलं कसलं, मी काढलं आहे. भाद्रपदातली सकाळ, गुडघाभर पाणी, डाव्या हातात फळी आणि उजव्या हातात पेन्सिल. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघायला गेलो तर ते पान सडून पाण्यात विरघळूनही गेलेलं. म्हणजे ते भोक नंतर जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, शरणप्पाच्या कागदावर. आणि तो कागद त्यानं कौतुकानं दाखवायला एकाच माणसाला दिला होता.

आकृतीखाली लिहिलं होतं : ‘रानहंसांनी आणलेली जलवनस्पती.’ आणि पान मागं उलटलं की वर ठळक अक्षरांत मथळा — ‘रानहंस आणि परसातील तळी. लेखक : रावजी नारायण माढेकर, बी. एस्सी.’

रावजी शाळेत शास्त्र शिकवायचा आणि शरणप्पा चित्रकला. पंधरा वर्षं मधल्या सुट्टीचा चहा दोघांनी एकत्र घेतला होता. शरणप्पाचं घर विजापूर वेशीबाहेर, हरभऱ्याच्या रानांना लागून. बापानं घर बांधताना परसातच दगड काढला आणि त्या खाणीत पाणी साठून तळं झालं. शरणप्पानं त्यात डासांसाठी मासे सोडले, कमळाचे कांदे लावले, आणि सहा वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका पहाटे तिथं अकरा पक्षी उतरले. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर काळ्या दोन आडव्या पट्ट्या. रानात हरभरा खायला येणारे हंस, पण या परसात का? त्यानं रावजीला बोलावून दाखवलं होतं. रावजी धोतर सावरत म्हणाला होता, “मास्तर, कमळं सांभाळा.”

कमळं राहिली नाहीतच. पहिल्या वर्षी कोवळे कोंभ गेले, दुसऱ्या वर्षी माना खाली खुपसून त्यांनी कांदेच उपटले. फितीसारखं लांब शेवाळ मुळापासून तुटून वर तरंगायला लागलं, कुजलं, माशांची सावली गेली, आणि उन्हाळ्यात सगळं पाणी हिरवंगार, दाट... शरणप्पा रोज ते लिहून ठेवायचा. कुठं खाल्लं, कुठं तुडवलं, विष्ठा पडली तिथं काय उगवलं. का लिहितो हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. कमळं गेली होती, निदान ती कशी गेली एवढं तरी आपल्यापाशी असावं, असं काहीतरी.

आणि तिसऱ्या वर्षी, श्रावणात, ते फूल. उत्तरेच्या कडेला, जिथं हंस उतरायचे बरोबर तिथं, लव्हाळ्याच्या बुडाशी रुपयाएवढी पानं आणि झालर लावल्यासारखं पांढरं फूल, मध्ये पिवळं. तो तसाच भिजत रावजीकडं धावला होता. फाल्गुनात हंस गेले, त्यांच्या पायांच्या चिखलातून बी पडलं, उन्हाळाभर कडेला वाळत राहिलं आणि पावसानं उगवलं! नेणारे आणतातही, रावजी — हे वाक्य त्यानं त्या दिवशी धापा टाकत म्हटलं होतं. आता ते लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं. ‘जे पक्षी नेतात, तेच आणतातही.’

मधल्या सुट्टीत रावजीच समोर आला, चेहरा फुललेला.

“बघितलंत का, मास्तर? आपलं तळं थेट पुण्याला छापून आलं की!”

“चित्र माझं आहे.”

“तुमचंच की! मी कुठं नाही म्हणतोय? संपादकांनी लेख आटोपशीर मागितला, त्यात बारीकसारीक राहून गेलं. पण तुम्ही आहात त्यात. हे बघा — ‘एका स्थानिक गृहस्थांच्या परसात’. ते गृहस्थ म्हणजे तुम्हीच.” आणि त्यानं शरणप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

बोलायचं होतं. सहा हिवाळे, पहाटेची थंडी, पायांना पडलेल्या भेगा, आणि तू, तू अंथरुणात असायचास, रावजी... पण तो हात इतका नेहमीसारखा होता, इतका ओळखीचा, की शरणप्पाच्या तोंडून निघालं ते एवढंच — “छपाई बरी झाली आहे.”

शनिवारची अर्धी शाळा सुटली. अंक पिशवीत घालून तो घरी निघाला. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती, रस्त्यात पाळण्याचे खांब बैलगाडीत भरणं चाललं होतं, आणि ओळखीचा एकजण “काय मास्तर, लवकर?” म्हणाला त्याला त्यानं उत्तर दिलं की नाही कोण जाणे. संपादकांना पत्र लिहायचं. वह्या आहेत, तारखा आहेत. ‘सदर लेखातील प्रत्येक निरीक्षण...’ मनातल्या मनात तो पत्र लिहीत होता आणि प्रत्येक ओळीला रावजीचा तो फुललेला चेहरा आड येत होता. चोराच्या चेहऱ्यावर थोडी तरी लाज असायला हवी होती. मग राग धरायला जागा मिळाली असती. हा तर माझंच घेऊन मलाच पेढा द्यायला आला.

त्याची बायको दाक्षायणी परसात होती. पदर खोचून, टोपलीनं पाण्यावरचं तुटकं शेवाळ ओढून काठावर टाकत होती. हंस सकाळीच खाऊन कंबर तलावाकडं गेले होते. चिखलात त्यांच्या पावलांची जाळी उमटली होती. ती रोजच हे काम करायची. कुजलं की मासे वर येऊन तोंड वासतात म्हणून.

“आलासा? तोंड का असं?”

“रावजीनं लेख छापला. सगळं माझं, नाव त्याचं.”

तिला नीटसं उमगलं नाही. मग तो धुण्याच्या दगडावर बसला आणि वाचून दाखवायला लागला, मोठ्यानं, जणू एकेक ओळ साक्षीदारापुढं मांडत होता. कमळांचे कोंभ. फितीचं शेवाळ. हिरवं पाणी. ती टोपली कमरेला लावून ऐकत राहिली. “...‘या जलवनस्पतीस या भागात प्रचलित नाव आढळत नाही.’ हेसुद्धा माझंच! सिद्धेश्वराच्या देवळापाशी फुलं विकणाऱ्यांना विचारलं मी, माळ्यांना विचारलं, कोळ्यांना विचारलं —”

“बेळ्ळी हूवु,” दाक्षायणी म्हणाली.

आणि लगेच, नको ते बोलून गेल्यासारखा, तिनं हनुवटीला हात लावला.

कानडी शब्द. चांदीचं फूल. आई घरात कानडीच बोलायची, त्याला कळायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो दुसऱ्या गोष्टीला.

“तुला कसं माहीत?”

“आमच्याकडं तळ्यात लई असतंय.” आमच्याकडं म्हणजे तिचं माहेर, अक्कलकोटच्या पलीकडचं. “देवाला घालत्यात.”

“मग तीन वर्षांत बोलली का नाहीस?”

ती टोपलीच्या कडेची निघालेली काडी आत खोचत राहिली. मग म्हणाली, “मीच आणलं होतं की. वैशाखात आकितीच्या सणाला माहेरी गेले होते, तवा. वल्ल्या फडक्यात बांधून.” आणि लगोलग, घाईघाईनं — “तुमी नीट जेवत नव्हता. कमळं गेल्यापास्नं हितंच बसून असायचा. म्हटलं, एक फूल तरी असू दे डोळ्यापुढं. तुमाला दिसंल, हसाल, मग सांगीन. तुमी बघितलं न् वरडतच गेलासा रावजींकडं. हंसांनी आणलं, हंसांनी आणलं... कसं सांगणार मग?”

तीन वर्षं. तीन श्रावण तो हिच्यादेखत त्या फुलापुढं गुडघे टेकून बसला होता, पानं मोजत होता, रात्री जेवताना पक्ष्यांच्या पायांतल्या चिखलाविषयी बोलत होता, आणि ही भाकरी वाढत “व्हय का?” म्हणत होती. व्हय का! त्या दोन शब्दांत तिला किती कौतुक आहे, असं मला वाटायचं... सगळ्या गावाला विचारलं. घरात विचारलं नाही. विचारावं असं वाटलंच नाही कधी.

मग एकदम हसूच फुटल्यासारखं झालं. रावजीनं उचललं होतं ते खोटं होतं. पत्र लिहायचं तर काय लिहायचं? माझी चूक याने चोरली? उद्या कुणी जाणता माणूस विचारील आणि बी. एस्सी.ची फजिती होईल, होऊ दे. क्षणभर ते फार गोड वाटलं. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की रावजीवरचा राग आपण हातात धरून आलो होतो तो निसटला आहे. हात मोकळा पडला होता, आणि ते मोकळेपण रागापेक्षा वाईट होतं. रावजीनं नाव नेलं. हिनं तर तो श्रावणच नेला.

“रागावलासा?”

त्याला बोलायचं नव्हतं. पण सगळं विचारून टिपून ठेवायची सहा वर्षांची खोड जिभेवर होती.

“कुठं लावलं होतंस?”

“हितं की. ह्या दगडापाशी.” तिनं तो बसला होता त्या दगडाकडं, दक्षिणेच्या कडेकडं बोट दाखवलं. “पर पाऊसच आला न्हाय वेळेवर. पाणी आटलं, सगळं वाळून गेलं. मला वाटलं, गेलं आपलं रोप.”

“वाळलं?”

“काड्या झाल्या की. मीच उपटून टाकल्या.”

“मग तिकडं...” तो लव्हाळ्याकडं पाहत म्हणाला. मधे चाळीस हात पाणी. “उत्तरेला?”

“तितं मी न्हाय लावलं.”

“एखादा तुकडा वाहत गेला असेल.”

“गेला असंल. मला काय ठाऊक?” आणि हळूच, “हंसांनीबी आणलं असंल की.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. उन्हात तिचे डोळे बारीक झाले होते, चेहऱ्यावर शेवाळाचा एक शिंतोडा होता. हे खरं होतं? की तो पुन्हा जेवायचा नाही म्हणून, पुन्हा इथं बसून राहील म्हणून, तिनं आत्ता, या क्षणी, दुसरं रोप लावलं होतं? आवाज तोच होता. ‘व्हय का’ म्हणणारा. पाण्याची पातळी, वाळलेल्या देठांची लांबी, पावसाची तारीख हे सगळं त्याला वहीत सापडलं असतं. पण या चेहऱ्यातलं काय कशावरून ताडायचं, हे त्याला मुळीच ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं तो चेहरा रोज समोर होता.

“जेवता न्हवं?” तिनं विचारलं.

‘हो’ म्हणावं तर तिनं सांगितलेलं पत्करल्यासारखं होईल, आणि ‘नाही’ म्हणावं तर... तो उठला नाही. तिनं टोपली पुन्हा पाण्यात घातली. आणि शरणप्पा, पक्षी उडू नये म्हणून जसा श्वास धरून बसायचा तसा, तिच्या हातांकडं पाहू लागला, अगदी पहिल्यापासून, काहीच माहीत नसल्यासारखा.